पाव्हण्यांचं खाचर

उंबरपाड्याला आता दिवसातून एकदा पेठहून एसटी येते. पावसाळ्यात ती दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही, तरी 'आमच्याकडं एसटी येते' असं म्हणायची गावाला सवय लागली आहे. एसटीतून कुणी नवखा उतरला आणि धामणडोंगराच्या पायथ्याशी असलेल्या हिरव्या भातखाचराकडे बोट दाखवून "हे कुणाचं?" म्हणाला, तर शेंबडं पोरही सांगतं, "ते पाव्हण्यांचं." कोण पाव्हणे, कुठले पाव्हणे, हे मात्र वत्सलाबाईला विचारावं लागतं. आणि तिला एकदा विचारलं, की त्या दिवशीच्या एसटीची आशा सोडून द्यायची.

वत्सलाबाई सांगायला बसली की आधी नव्या नवरीपणापासून सुरू करते. परकरातून नुकतीच लुगड्यात आलेली पोर, कासोटा सारखा सुटायचा, आणि सासरा बुधा लांबूनच ओरडायचा, "पोरी, खाली बघ, तुझ्या पायात साप अडकलाय!" घरात चौघंच. सासरा बुधा, सासू सावित्री, नवरा पुंजा आणि ही. घर कुडाचं, वर गवत, पण दारात गोठा भरलेला. सासू करडी होती, सासरा तितकाच थट्टेखोर. "तसा माणूस मी पुन्हा पाह्यला नाय," असं ती आजही म्हणते.

त्याच पहिल्या साली, आवणीच्या दिवसांत, विमान पडलं.

पाऊस कितीतरी दिवस धरून होता. डोंगराचं डोकं दिसत नव्हतं. चौघंही इरली पाठीवर घेऊन, पोटरीभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत होती. आवणीला थांबता येत नाही. राबातून उपटलेलं रोप दुसऱ्या दिवशी मान टाकतं. एवढ्यात ढगात घरघर ऐकू आली. ती लांब गेली, फिरून जवळ आली, पुन्हा लांब गेली. बुधा कंबर सरळ करून वर बघत राहिला.

"वाट चुकलंय बिचारं," तो म्हणाला. "ह्या पावसात मला माझी म्हस सापडत नाय, त्याला मुंबई कशी सापडंल?"

तो हे म्हणतोय तोच डोंगरावर धडाका झाला. खाचरातलं पाणी थरथरलं. वारा आणि पाऊस एवढा होता तरी वर धुक्यात तांबडा जाळ दिसला. सावित्री म्हणाली, "ही रोपं?" बुधानं हातातली मूठ बांधावर टाकली आणि म्हणाला, "रोपं उद्या. चला."

रोपं त्या साली लागलीच नाहीत. पाड्यातली सगळी माणसं वर गेली. वर जिवंत कुणी नव्हतं. तरी त्यांना तसं उघड्या पावसात टाकून खाली यायला कुणाचा पाय निघेना, कारण डोंगरात तरस होतं. घोंगड्यांच्या झोळ्या करून माणसं एकेकाला खाली आणायला लागली. बुधानं गोठ्यातली गुरं बाहेर काढून पावसात बांधली आणि आत कोरडा पेंढा अंथरला. वाळू नावाचा जवान गडी पेठला सांगायला धावला, तर नदी दोन्ही काठ घेऊन चाललेली. ती उतरेपर्यंत तो अलीकडच्या काठावर बसून राहिला.

मग त्या भागातल्या माणसांनी तेच केलं, जे ती आपल्या माणसांचं करतात. तिकडे रीत आहे, मेलेल्याच्या अंगावर गाठ राहू द्यायची नाही. करगोटा, जानवं, गळ्यातला दोरा, बांगडी, जे जे म्हणून बांधलेलं असेल ते सोडायचं. गाठ राहिली तर जीव तिथंच अडकतो, त्याला पुढे जाता येत नाही. बायांनी बाया धुतल्या, गड्यांनी गडी धुतले. हातावरची घड्याळं सोडली, बुटांच्या नाड्या सोडल्या, गळ्यातल्या त्या साहेबी पट्ट्यांच्या गाठी सोडल्या, अंगठ्या काढल्या, मंगळसूत्रं काढली. सगळं एका टोपलीत ठेवलं. सुतळीचा तुकडाही कुणी घरी नेला नाही.

नदी उतरल्यावर फौजदार आला. त्याच्या मागोमाग मेलेल्यांची माणसंही आली. बुधानं मोठ्या भरवशानं टोपली त्याच्यापुढं ठेवली.

"सगळं हाय, साहेब. मोजून घ्या."

फौजदारानं टोपलीत हात घातला आणि त्याचा चेहरा बदलला. "हे कुणाच्या अंगावरचं कुठलं?"

बुधाला प्रश्नच कळला नाही.

"अरे, तोंडं जळालेली. घड्याळावरनं, अंगठीवरनं ओळखली असती माणसं. तू सगळं काढून एकात कालवलंस!" असं म्हणून त्यानं बुधाच्या कानाखाली मारली. पाड्यादेखत मारली, नव्या सुनेदेखत मारली. बुधा गाल चोळत उभा राहिला. पण मार तो दुसऱ्या दिवशी विसरलाही असता. तो खचला तो नंतर. दूरदेशचा एक म्हातारा टोपलीपाशी बसून एकेक वस्तू बघत होता. त्यानं एक घड्याळ उचललं, छातीशी धरलं आणि मोडक्यातोडक्या बोलीत बुधाला विचारलं, "हे माझ्या मुलाचं. यातला माझा मुलगा कोणता?"

बुधानं टोपलीकडं पाहिलं, मग गोठ्याकडं पाहिलं.

सरकारनं सगळ्यांना धामणडोंगराच्या पठारावर एकाच जागी मूठमाती दिली आणि माणसं निघून गेली. बुधा त्या रात्री जेवला नाही. सकाळी म्हणाला, "त्यांची नावं आपण सोडून टोपलीत टाकली. आता त्यांचं कोणी घास घालाया यायचं नाय. कुणाला घालावा हेच कोणाला ठावं नाय. तवा आपण घालायचा."

आणि त्यानं झऱ्याखालचं खाचर पाव्हण्यांना दिलं. घरातलं सगळ्यांत चांगलं खाचर. आभाळ फिरलं तरी तिथं ओल असायची. त्यावरून सावित्री महिनाभर नवऱ्याशी भांडली. "द्यायचं तं वरलं खडकाळ द्या की! पाव्हणे लोणी खातील आन घरच्यांनी काय बांध चाटायचा?" बुधा हसून म्हणायचा, "पाव्हण्याला फुटक्या भांड्यात वाढतीस काय कधी?"

दरसाल पहिली आवणी त्या खाचराची. भात पिकलं की त्याला विळा लावायचा नाही. पाखरं खातील ते पाव्हण्यांना पोचलं. वत्सलाबाईला त्या आवण्या सोन्याच्या वाटतात. बुधा चिखलात वाकून मेलेल्यांशी गप्पा मारायचा. "ओ घड्याळवाले, सरका जरा, तुमच्या पायावर रोप लावीन!" नवी नवरी हसून हसून पाण्यात बसायची आणि सासू वरून करवादायची, "दात नंतर काढा, रोपं सुकतात!" यशोदा झाली तेव्हा तिला टोपलीत घालून बांधावर ठेवायचे, तर बुधा पाव्हण्यांना सांगायचा, "ध्यान ठेवा पोरीवर, फुकट खाता!"

असा तो बुधा, एका उन्हाळ्यात तापानं गेला. आणि काय नवल, त्याच्यामागं त्या खाचराची खरी राखण सावित्रीनं केली. जन्मभर ज्यावरून भांडली त्याच खाचराच्या बांधावर ती म्हातारपणी बसू लागली. ढोर शिरलं तर दगड, माणूस शिरलं तर शिवी.

मग बहात्तर साल आलं.

त्या साली पाऊस आला तसा गेला. डोंगरातल्या माणसांना वाटायचं, दुष्काळ हा देशावरच्या लोकांचा, आपल्याला कसला? पण श्रावणात खाचरं तडकली. लावलेलं भात पिवळं पडलं, मग पांढरं पडलं आणि गुरांनी खाल्लं. वरल्या अंगाची नागली वीतभर वाढून वाळली. पुंजा आणि वत्सला दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दिवसभर उन्हात बसून घण मारायचा, तळहाताचे फोड फुटायचे, त्यावर चिंधी बांधायची, चिंधी चिकटायची. संध्याकाळी मुकादम ढीग बघायचा आणि काठीनं ढोसून म्हणायचा, "मधी पोकळ रचलाय." पुंजानं कधी पोकळ रचला नव्हता. तो नुसता खाली बघायचा आणि घरी येऊन गुरांवर ओरडायचा.

धान्य म्हणून लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. वत्सला एकदा रांगेत उभी होती. तिची पाळी आली तसं माप थोडं उणं भरत वाटणारा म्हणाला, "तुम्हा डोंगरवाल्यांना काय कमी? मुळं खाऊन राहता." रांगेतले काही हसले. वत्सला पदर पुढं करून मुकाट्यानं घेऊन आली. मुळं तर खातच होते. कडूकंद उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तरी जीभ बधिर व्हायची.

अशात यशोदा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि घट बसले त्या दिवशी बाळंत झाली. मुलगी झाली, लहानशी, नाकीडोळी थेट बुधावर गेलेली, असं वत्सला म्हणते. त्या वेळी ती नाकडोळे बघण्याच्या स्थितीत होती असं वाटत नाही. कारण यशोदाला दूध येईना. मिलोची भाकर तिच्या पोटात ठरत नव्हती. कडूकंद बाळंतिणीला देता येत नाही, तो दुधात उतरतो. शेळी आटली होती. पोर छातीला लावली की दोन क्षण ओढायची, मग तोंड सोडून रडायची. रडून रडून आवाज बसला, तेव्हा वत्सला हातातलं काम टाकून तिच्यापाशी बसली. मोठ्यानं रडणाऱ्या पोराची भीती नसते, गप्प झालेल्या पोराची असते.

यशोदाला तांदळाची पेज हवी होती. आणि साऱ्या शिवारात भात उभं होतं ते एकाच खाचरात. झऱ्याच्या ओलीवर पाव्हण्यांचं हळवं, लवकर पिकणारं भात लोंब्यांनी वाकलं होतं, पिवळं झालं होतं, आणि पाखरं त्यावर खुशाल बसत होती.

दसऱ्याच्या सकाळी पुंजानं विळा घेतला आणि तो खाचराकडे निघाला. वत्सला मागोमाग गेली. सावित्री बांधावर काठी घेऊन बसलेली होतीच.

"आये, ऊठ."

"का?"

"पोर मरती हाय घरात."

"मला दिसतंय. मी आंधळी नाय."

"मंग ऊठ. पाखरांनी खाल्लेलं चालतं, आन माझ्या नातीच्या पोटात गेलेलं चालत नाय?"

"पाखरांच्या तोंडानं ते खातात," सावित्री म्हणाली. "तुझ्या बापानं शब्द दिलाय त्यांना. तो जिता असता तं मी त्याच्याशी भांडून मोडायला लावला असता. आता कोणाशी भांडू? आधी त्यांची नावं काढून घेतली आपण. आता ताटबी घ्यायचं?"

पुंजा पुढं झाला. म्हातारी उठून आडवी उभी राहिली. तीही दोन दिवस काही खात नव्हती, आपली भाकर यशोदाच्या पानात सरकवत होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी काठी उगारलेली होती. आईच्या अंगावर जायचं पुंजाच्यानं झालं नाही. त्यानं विळा बांधावर फेकला आणि तो तसाच खडी फोडायला निघून गेला. सणाच्या दिवशीही काम चालू होतं.

वत्सला तिथंच राहिली. ती सासूशेजारी बांधावर बसली. तिनं विळ्याकडे बघितलं नाही. घरातून पोरीचा आवाज येतो का म्हणून तिचा कान तिकडे लागला होता आणि आवाज येत नव्हता. तिला सासूचा राग आला होता. त्याहून जास्त, तिच्या त्या उपाशी तोंडाकडं बघून रडू येत होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "एक सांगायचंय. पाव्हण्यांत एक बाई होती. हिरव्या लुगड्यातली. तुमी दुसरीला धूत होता, मी हिला धूत होते."

"मंग?"

"तिची चोळी सोडली तवा छातीतनं दूध आलं."

सावित्रीनं मान वळवली.

"पान्हा होता तिला. पाण्यासंगं वाहून चाललं तं मी घाबरले. पदरानं पुसलं. तिच्याजवळ लेकरू तं नव्हतं. सगळा डोंगर हुडकला, लेकरू कोठं गावलं नाय. म्हंजे ते घरी आसंल. तिची वाट बघत."

"इतकी वर्सं बोलली नाय?"

"तुमीच बोलल्या होता, मेल्या माणसाच्या अंगाचं कुठं सांगायचं नाय."

 समोर पाखरं भातावर उतरत होती, उडत होती. सावित्रीनं काठी खाली ठेवली.

"पोरगा आसंल का पोरगी?"

"काय ठावं."

"आपल्या यशोदेपरास थोडं मोठं झालं आसंल आता."

"हां."

 मग सावित्रीनं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि एकदम नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली, "बघत काय बसली, वच्छे? तो विळा दे इकडं."

वत्सलाचा विश्वास बसेना. म्हातारी खाचरात उतरली. झऱ्याच्या अंगाला, जिथं लोंब्या सगळ्यांत भरलेल्या होत्या, तिथं जाऊन तिनं डोंगराकडे तोंड केलं. दोन्ही हात जोडून, शेजारणीशी बोलावं तसं बोलली, "हिरव्या लुगड्यावाले, हा तुझा वाटा. तुझ्याकडनं मागून घेते. लेकरासाठी घेते. तू नाय म्हणायची नाय."

आणि तिनं तेवढाच कोपरा कापला. एका माणसाच्या वाट्याला येईल एवढाच.

"आत्याबाई, आणखी चार मुठी..." वत्सलाच्या तोंडून निघून गेलं.

"बाकीचं बाकीच्यांचं हाय. त्यांना इचारल्याबिगर कसं घेऊ?" असं म्हणून तिनं विळा कमरेला खोवला.

संध्याकाळी पुंजा आला, त्यानं दारातला तो लहानसा भारा बघितला आणि तो कपाळावर हात मारून बसला. "आये, कापायचंच होतं तं सगळं कापायचं! तिथं एवढं उभं हाय!" म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती भात झोडत होती. उखळात कांडायला वत्सला बसली. कण्यासुद्धा वेचून घेतल्या. चुलीवर पेज उकळली तेव्हा साऱ्या घरात नव्या तांदळाचा वास भरला. त्या वर्षी तो वास कुठल्याच घराला नव्हता. पुंजा उठून बाहेर गेला, गोठ्यापाशी उभा राहिला. तोंडाला पाणी सुटलेलं बायकोला दिसू नये म्हणून गेला, हे त्यानं पुढं कितीतरी वर्षांनी हसत कबूल केलं.

पेज फक्त यशोदासाठी. सावित्री स्वतः द्रोण भरून द्यायची, समोर बसून सगळी प्यायला लावायची. यशोदा म्हणाली, "आजी, तू एक घोट घे." म्हातारी म्हणाली, "मी त्या बाईला काय सांगितलंय? लेकरासाठी. मी काय लेकरू हाय?" तिनं बोट चाटून चवसुद्धा पाहिली नाही. घरातल्या तिघांनी मिलो आणि कडूकंदच खाल्ला. खाचरातलं बाकीचं भात पाखरांनी नेलं आणि पुंजानं त्या दिशेला बघणंच सोडून दिलं.

पहिले दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. पोर ओढायची, सोडायची. वत्सलाला वाटायचं, उशीर झाला. खडी फोडायला जाताना ती पोरीच्या नाकाशी बोट धरून बघायची आणि मग पाय उचलायची. सावित्री रात्री बसून यशोदाची पाठ चोळायची. एकदा तर वत्सलानं तिला पुटपुटताना ऐकलं, "आगं, पाठव की थोडं. तुझं तिकडं वाहून चाललं होतं ना?"

मग एका सकाळी, कामावर निघायची वेळ झाली असताना, यशोदानं आतून हाक मारली. तिघंही आत धावली. पोर छातीला लागलेली होती आणि सुटत नव्हती. गिळल्याचा आवाज येत होता, घुटुक घुटुक, स्पष्ट. तिच्या तोंडाच्या कडेनं पांढरी धार ओघळली होती आणि यशोदा हसत होती, रडत होती, दोन्ही करत होती. वत्सला भिंतीला टेकून खालीच बसली. पुंजा, एवढा रांगडा गडी, पण त्याला घराबाहेर जायची वाट सापडेना.

सावित्रीनं मात्र वाट बरोबर काढली. ती काठी न घेताच बाहेर पडली. वत्सला दारापर्यंत आली तर म्हातारी अंगण ओलांडून, झऱ्यापर्यंत पोचलीसुद्धा होती. बांधावर चढून तिनं तोंडाशी दोन्ही हात धरले आणि धामणडोंगराकडं बघून हाक दिली. एका पाड्यावरची बाई दुसऱ्या पाड्यावरच्या बाईला देते तशी, लांब, सूर ओढून.

"पेली गं बाये! पेली!"

जरा थांबून तिनं श्वास घेतला आणि पुन्हा ओरडली. आता तिचा आवाज फाटला होता.

"तुझ्याबी लेकराला कोणीतरी पाजलं आसंल गं!"